माय हसत नव्हती

प्रिय खुशी,

रायपूरची नवी नोकरी कशी चाललीय ते विचारायचं आहे, पण आधी माझंच सांगते. रविवारपासून मला एका जागी बसवत नाही. धान पाखडायला घेते आणि सूप तसंच टाकून उठते. चहा मांडते, तो उतू जातो.

रविवारी ओमेशने मला आणि मायला चिचगडाकडच्या जंगलात नेलं. तिथे झाडांच्या शेंड्यांमधून झुलता पूल बांधलाय, टोकाला उंच मनोरा. सोयरीक पक्की झाल्यावर पहिल्यांदाच असे बाहेर निघालो होतो. गाडीत त्याने मायला खिडकीची जागा दिली, वाटेत पेरू घेतले. कुडव्याच्या खोलीवर आपण दोघी राहायचो तेव्हा तू म्हणायचीस ना, माझ्या भावाशी लग्न कर, आमच्या घरात तुला कधी परकं वाटणार नाही? मला ते अगदी खरं वाटत होतं.

मायला उंचीची भीती. खालीच थांबते म्हणाली, तर "मी आहे ना, मावशी" म्हणून त्यानेच हात धरून नेलं. सुरुवातीला ती रमलीसुद्धा. मोहाचा शेंडा पाहून म्हणाली, "बाई, जलमभर याच्या खाली फुलं येचली, वरून कसा दिसते ते आज पाह्यलं."

मधोमध आल्यावर ओमेशने पूल हलवायला सुरुवात केली. आधी मीही हसले. पण माय मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी तारेचा दोर धरून. "बाबू, नोको हालवू. मले भेव लागून राहिला." तो मोबाईल तिच्याकडे धरून आणखी जोरात उड्या मारू लागला. मी ओरडले, तरी थांबला नाही. पलीकडून वनरक्षकाने शिट्टी मारली, तेव्हा मात्र त्याच क्षणी थांबला. "सॉरी साहब, मजाक था." किती नम्रपणे! म्हणजे खुशी, त्याला थांबता येत होतं.

मायला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं. तो मनोऱ्यावर चढून मला हाका मारत होता. गेले, पण त्याच्याशी बोलायलाच. चहूकडे जंगल पसरलं होतं म्हणतात, मला काही दिसलं नाही. म्हटलं, मायची माफी माग. "कायले एवढं मनावर घेऊन राहिली? थोडी गंमत केली," म्हणाला. उतरल्यावर त्याने मायला आईस्क्रीम दिलं. तिने ते खाल्लंही.

घरी येऊन माय बाबांना म्हणाली, मस्त फिरलो. सोललेले तळहात पदरात लपवले. मला न्हाणीपाशी गाठून म्हणाली, "चूप राह्य. सोयरीक मोडली तर लोकं तुलेच बोलतीन." मी चूप राहिले.

काल ओमेशने तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आणि तू खाली हसरे चेहरे टाकलेस. तुझा दोष नाही. आवाजाच्या जागी त्याने गाणं लावलंय, मायचं तोंड उघडं आहे, ती हसतेय असंच वाटतं. ती हसत नव्हती, खुशी. आज सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तिचे हात उलटून पाहिले आणि "मले काऊन नाही सांगतलं?" एवढंच विचारलं. माय खूप रडली. परवा बाबा तुमच्या घरी नकार कळवायला जातील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून उद्या रायपूरला निघणाऱ्या केशोरावकाकांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू त्याची बाजू घेतली असतीस आणि मी विरघळले असते. तुझी वहिनी मी होणार नाही. मैत्रीण ठेवायची की नाही, ते तू ठरव. वाचून झालं की फोन कर. शिव्या द्यायला केलास तरी मी उचलीन.

तुझीच,
भूमिका