माईच्या न्हाणीतली तोटी

नांदूरघाट,
माघ शुद्ध अष्टमी, शके १८५९

प्रिय बद्री,

तुझं पत्र पोचलं. हैदराबादच्या थंडीवर दीड पान लिहिलंस आणि "माई कशी आहे" हे शेवटी, सहीच्या वर कोंबलंस. ओव्हरसियर झालास तरी महत्त्वाचं शेवटी ठेवायची खोड गेली नाही. तर आधी तेच लिहिते. माई जेवते. दुपारी एकदाच, तिच्या रिवाजाप्रमाणे, पण पोटभर. संध्याकाळी दूध घेते. गालांची हाडं दिसत होती ती आता झाकली आहेत. हे वाचून तुला वाटेल, यात विशेष काय. विशेष आहे, कारण मार्गशीर्षात ती चार दिवस उपाशी होती आणि मी तुला कळवलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी "माईचे सांधे जरा धरलेत" एवढंच लिहिलं होतं. ते अपुरं होतं. तिची बोटं आत वळली आहेत, दोन्ही हातांची. तांब्या धरला की निसटतो. खांदे छातीच्या वर उचलत नाहीत. आता तूच विचार कर, जिनं उभ्या जन्मात डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावला नाही आणि देवाचं झाल्याशिवाय अन्न तोंडात घातलं नाही, तिनं काय करावं? आधी ती वाटी वाटीनं अंग भिजवायची. न्हाणीत दीड-दीड तास. मग वाटीही धरवेना, तेव्हा तिनं जेवण सोडलं. रागानं नाही, तक्रार करून नाही. अंघोळ झाली नाही म्हणजे जेवायचं नाही, एवढा साधा हिशेब.

मी म्हटलं, मी पाणी घालते. ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, सोवळं नेसून घालते, डोळे मिटून घालते, वन्सं, हा काय हट्ट, मी परकी का? तुला माझा आवाज माहीत आहे, तो चढला असणार. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "माझ्या अंगावर दुसऱ्याच्या हातानं पानी एकदाच पडलंय, जानकी. नऊ वर्साची होते. चौघी जनींनी धरून अंगनात बसवलं आन घागरी वतल्या. कावून वततात त्ये बी कळंना. मी म्हनले, मला थंडी वाजते. त्या नुसत्या रडायल्या. त्या दिसापासून माझं पानी मीच घेते." पस्तीस वर्षं मी या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात वावरले, बद्री. हे मला ठाऊक नव्हतं. ती नवव्या वर्षी विधवा झाली एवढं ठाऊक होतं, जसं एखाद्या गावाचं नाव ठाऊक असतं. मी बाहेर येऊन शिकवणीच्या मुलींच्या पाट्या तपासत बसले. चार पाट्यांवर चुका नसताना फुल्या मारल्या.

पाचव्या दिवसापासून ती ओल्या फडक्यानं अंग पुसून नुसतं दूध घ्यायला लागली, अन्न नाहीच. मग तू मागे विसरून गेलेली ती मुंबईच्या दुकानाची सचित्र यादी काढली. नळ, तोट्या, फवारे, आणि सिंहाचे पाय असलेला एक पांढरा टब. टब आपल्या कामाचा नव्हता, पण कल्पना बरी होती. पाथरवट शहादेवकडून मी न्हाणीत फरशीचं उथळ टाकं बांधून घेतलं आणि त्यात चौरंगाच्या उंचीचा दगडी ओटा, कारण खाली बसलेली माई उठू शकत नाही. पाय शेकायला खाली तोटी, डोक्यावर फवारा. एकच दांडी, डावीकडे लोटली की पाणी तोटीतून, उजवीकडे लोटली की फवाऱ्यातून. गोल मुठीच्या तोट्या यादीत सुंदर होत्या, त्या मी बाद केल्या. त्याआधी स्वतःच्या बोटांना फडकं गुंडाळून घरातली प्रत्येक मूठ, कडी आणि बंबाची तोटी फिरवून पाहिली. बंबाची तर हलेचना. शिकवणीच्या मुली हसल्या, त्यांना सतराचा पाढा दहा वेळा लिहायला लावला. दांडी मात्र कोपरानं लोटता येते. तीच मागवली.

लातूर स्टेशनावर पार्सल उतरलं तेव्हा जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या कारकुनानं ते उघडलं आणि लांब नळीकडे बघून म्हणाला, "बाईसाहेब, ये तोप है क्या?" मी म्हटलं, तोफच आहे, म्हातारीसाठी मागवलीय. तो बिचारा हसावं की लिहून घ्यावं या विचारात पडला. बसवायला केजहून राधाकिशन तांबट आला. जन्मभर बंब केलेला माणूस, त्याला हा फवारा म्हणजे पोरखेळ वाटला, म्हणून त्यानं तो हवा त्यापेक्षा वीतभर उंच लावला. मी लुगड्यानिशी ओट्यावर बसले आणि म्हटलं, सोडा पाणी. "बाई, समदं लुगडं भिजल की!" भिजू दे म्हटलं. पाणी अंगाला टोचत होतं. मला टोचलं तर माईच्या कातडीचं काय होईल? फवारा खाली आणवला आणि निम्मी भोकं डाख देऊन बुजवायला लावली. तो म्हणाला, "मुंबईवाल्यानं भोकं पाडायची आन आमी बुजवायची. लई न्यारं काम हाय बाई तुमचं." तीन वेळा भिजले तेव्हा कुठे पाऊस नको, दहिवर हवं, हे त्याला समजलं.

वर टाकी तांब्याची. तिच्यात पाणी कुणी भरायचं हा प्रश्न माईनं एका वाक्यात सोडवला. सोवळ्यातल्या माणसानं. घरात आम्ही दोघीच, दुसरं माणूस कोण? तर जे सोवळं मी तुझ्या वडिलांच्या संमतीनं पुण्याला कॉलेजात जाताना ट्रंकेबाहेर ठेवलं होतं, ते पुन्हा नेसते आहे. रोज उजाडताना आडावर ओलेत्यानं उभी राहते, घागरी शेंदते, कढत पाणी मिसळून शिडीवरून टाकीत ओतते. तुझी आई, जी भर सभेत स्पृश्यास्पृश्यतेविरुद्ध बोलली होती. हसलास तरी चालेल. मी स्वतःही एकदा शिडीवर हसले आणि अर्धी घागर अंगावर सांडली.

पहिल्या दिवशी आत जाण्याआधी माईनं दांडीकडे, नळीकडे, फवाऱ्याकडे नीट पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली. "याच्यात कातडं न्हाई ना?" मी म्हटलं, नाही वन्सं, सगळं पितळ आहे. मी खोटं बोलले नाही. मला तसंच वाटत होतं. दुकानाला मी सहा पत्रं लिहिली, धातू विचारला, जाडी विचारली, दांडीची लांबी विचारली. कातड्याचं विचारलं नाही, कारण कातड्यानं पाणी बाटतं हे माझ्या मनात येतच नाही. जे आपण मानत नाही ते विचारायचं आपल्याला सुचत नाही.

ती आत गेली, कडी लावली. आधी तोटीचा आवाज, मग थांबला, मग फवाऱ्याचा. बराच वेळ. मी दाराबाहेर पाटीवर काहीतरी लिहीत उभी होते, काय ते आठवत नाही. ती बाहेर आली, मला शिवू नये म्हणून भिंतीकडून गेली आणि देवघराच्या उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "लई दिसांनी पाठ भिजली गं, जानकी." त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

सातव्या दिवशी दांडीतून पाणी ठिबकायला लागलं. माई देवळात गेली असताना राधाकिशननं ती उघडली. आतून रुपयाएवढी एक काळी चकती निघाली. त्यानं ती बोटांत दाबली, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, ह्ये तर कातडं हाय." वायसर. सगळ्या विलायती तोट्यांत असतो म्हणे. माई देवळातून निघाली असेल एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, बसवा परत. तो म्हणाला, "मोठ्या बाईस्नी काय सांगायचं?" मी पुन्हा म्हटलं, बसवा परत. खोटं बोलणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं करते हे सगळ्या नांदूरघाटाला माहीत आहे, राधाकिशनची भाची माझ्याकडेच शिकते. त्यानं बसवली. पुढच्या आठवड्यात आपण होऊन मांजरसुंब्याला जाऊन मोटारीच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा आणला आणि रबराची चकती कापून लावली. कढत पाण्यानं दोन दिवसांत ती फुगली, दांडी अडकली, माई कोपरानं ढकलत राहिली आणि मला आत घ्यायचं नाही म्हणून तिनं हाकही मारली नाही. कोपर सोललं. पुन्हा कातडंच बसवलं. ती चकती पहिल्यांदा निघाली त्याला आज अठरा दिवस झाले.

हे अठरा दिवस ती न्हाते, पूजा करते, मला तीर्थ देते. मी ते घेते. परवा शेजारच्या मंजुळाबाईंना न्हाणी दाखवत होती. म्हणाली, "आमच्या जानकीनं केलं ह्ये. कातड्याचा कन बी न्हाई, मी इचारून घेतलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कॉलेजात गेलतीस त्ये आज माझ्या कामाला आलं बघ." तुला मी कधी सांगितलेलं नाही. मी पुण्याला जायला तयार नव्हते. तू दोन वर्षांचा होतास. तुझे वडील मला सांगून थकले, तेव्हा हिनं माझी ट्रंक भरली, तुला कडेवर घेतलं आणि म्हणाली, पोराला मी बघते, तू जा, एका तरी बाईनं हिथून भाईर जावं. मी तीन वर्षांनी परत आले तेव्हा तू तिच्या पदरामागे लपलास आणि ही बाई कोण असं तिलाच विचारलंस. मला त्याचं वाईट वाटलं हे खरं. पण तू धष्टपुष्ट होतास, स्वच्छ होतास आणि खोटं बोलत नव्हतास. ते तिचं काम होतं.

म्हणून हे पत्र. तुमच्याकडे पितळ कातायचा खराद आहे. मला वायसर नसलेली तोटी हवी, आत नुसती पितळी खुंटी फिरते तशी, पण बंबाच्या तोटीसारखी घट्ट नको. खरादावर इतकी गुळगुळीत घासून घे की कोपराच्या धक्क्यानं फिरेल. आताच्यासारखी दोन्हींना मिळून एकच नको, एक तोटीला, एक फवाऱ्याला, दांडी वीतभर लांब, माप सोबत दोऱ्यानं पाठवते आहे. कातडं नको, रबर नको, आणि राधाकिशन म्हणतो की कारखान्यात खुंटीला चरबी चोपडतात, तर तीही नको, कोरडीच आण, मी इथे मेण लावीन. पार्सलनं पाठवू नकोस. रजा काढून स्वतः घेऊन ये. नवी तोटी बसली, तिची त्यातून एक अंघोळ झाली, की मी तिला सगळं सांगणार आहे. त्याआधी सांगितलं तर ती त्या घटकेपासून न्हाणीत जाणार नाही आणि जेवणार नाही. नंतर सांगितलं तर प्रायश्चित्त घेईल, माझ्याशी बोलणं सोडेल, कदाचित माझ्या हातचं टाकीतलं पाणीही नाकारेल. ते मी सोसेन, तो माझा दोष आहे. पण तू तीन वर्षांचा असल्यापासून "माई, तू जेवल्याशिवाय मी ताटावरून उठणार नाही" म्हणून बसलास की ती कितीही रागात असली तरी जेवते. बद्री, मी खरं सांगेन त्या दिवशी तिनं उपाशी झोपू नये. म्हणून तू ये, आणि जेवायला बैस.

तुझीच,
आई