देवपूरला जायचं राहिलंय

१० जाने., शनि., जळगाव
स्टँडजवळचा लॉज. खोली ठीक, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. पाच दिवस इथेच तळ ठोकायचा आणि रोज एसटीने हवं तिकडे जायचं, हे पुण्याहूनच ठरवून आले. गावी उतरलं की माणूस आपला राहत नाही. चुलतभाऊ नाना चोपड्याजवळच्या गावात असतो, त्याला कळवलंच नाही.
खरं काम धुळ्याला. तिथल्या देवपूर भागात नलू. कॉलेजपासूनची मैत्रीण. अकरा वर्षं बोलणं नाही. तिचे यजमान गेले तेव्हा मी आजारी असल्याचं कळवलं नि होते महाबळेश्वरला. तिला कळलंच. आता घर विकलंय, १६ला सकाळी मुलगा तिला कायमची बंगळुरूला नेतोय. तिचा एवढाच निरोप : "तोंड दाखवायचं असेल तर ये. फोनवर माफी मागू नकोस."
उद्या धुळे. नक्की.

११, रवि.
भुसावळला गेले. का, ते विचारू नये. रेल्वे कॉलनीतून उगाच तासभर चालले, भरीत-पुरी खाल्ली, परत. रविवारी धुळ्याच्या गाड्यांना फार गर्दी असते म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणतेय.

१२, सोम.
घात झाला. काल स्टँडवर गावातल्या कुणीतरी ओळखलं असणार. दहाला नाना दारात. बसलाही नाही. "भाऊ जित्ता शे आनि बहीन लॉजवर? गावमा काय तोंड दखाडू?" बॅग उचलून थेट जीपमध्ये. मॅनेजर नुसता हसत होता. भांडले असते, पण नानाचे डोळे भरले होते. मुकाट्याने बसले.

१३, मंगळ., गाव
सहा घरी चहा झाला. ओट्यावर एकटी बसले तरी कुणीतरी सोबतीला येऊन टेकतं. प्रेम आहे, नाही कुठे म्हणतेय. पण जीव गुदमरतो. एसटी दिवसाला दोन, त्याही मनात आलं तर.
उद्या धुळ्याला जाते म्हटलं. नाना म्हणाला, उद्या संक्रांत, त्यात बुधवार. बुधवारी लेक घराबाहेर पडत नाही. बरं, परवा? परवा कर. करीला कुणी प्रवास करतं का? "शुक्करवारे मी सोता सोडसू."
शुक्रवारी! तोवर नलू नाशिकच्या पुढे गेलेली असेल.
लॉजवर असते तर... लॉजवर होतेच की दोन दिवस.

१४, बुध.
तिळगूळ, सुगडं, बायकांचा घोळका. दिवस असाच गेला. फोन तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला.
लाज वाटते लिहायला. काल नानाने वाट अडवली तेव्हा मी चिडले खरी, पण आत कुठेतरी हुश्श झालं. नलूपुढे उभं राहायची भीती वाटते मला. एकसष्टाव्या वर्षी. मेलं ते महाबळेश्वर. नानाला दोष देणं फार सोपं आहे.

१५, गुरु., कर
सकाळी डाळ निवडताना वहिनीला सगळं सांगितलं. महाबळेश्वरसकट. पहिल्यांदाच कुणाला तरी. तिने मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "ताई, तुमले जानंच व्हतं ते जळगावथीन काबरं नही गयात?"
जळगावहून का नाही गेले, ते सांगायचं सोडून मी डाळीतले खडे शोधत राहिले.
मग उठली आणि स्वयंपाकघरातच माझी ओटी भरली. करीच्या दिवशी! म्हणाली, करीचं काय ते माझ्या डोक्यावर, त्यांना मी बघून घेईन. नाना मळ्यात केळी कापायला गेलाय, संध्याकाळशिवाय येत नाही. तिने शेजारची रिक्षाही सांगितली. चोपड्याला चारची धुळे गाडी मिळते. आठच्या आत देवपूर.
बॅग भरून झाली. वहिनी मागचं दार उघडून उभी आहे. आता मला अडवणारं कुणी नाही.
रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी अजून लिहितेच आहे.