गडी उशिरा उठतो

५ जानेवारी २०२५, रविवार

हे आधी कॉम्प्युटरचे बटण दाबायचे आणि तसेच ओट्याकडे जायचे. चहा टाकायचे. मी इथेच, या खुर्चीत, मेथी निवडत बसलेली. पडदा काळा, मग ते गोल फिरणारे पांढरे ठिपके. "उठी ऱ्हायना का गडी?" हे ओट्यावरून विचारायचे. "उठी ऱ्हायना!" उठतो आहे, मी सांगायची. कॉन्व्हेंटात शिकलेली सून अहिराणीतले एवढेच वाक्य बिनचूक बोलते म्हणून सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. हे दोन कप घेऊन यायचे आणि नेमका त्याच वेळी पडद्यावर रुचिकाचा फोटो उजळायचा — शाळेच्या गॅदरिंगमधला, परी झालेला. चहा आणि कॉम्प्युटर एकदमच तयार. किती साधी सकाळ होती ती. तेव्हा वाटायचे, रोजचेच तर आहे.

आज हे सगळे आठवले कारण गडी उठेचना. रविवारी दहाला रुचिका सुरतहून पडद्यावर येते. मोबाइलवर तिचा चेहरा अंगठ्याएवढा दिसतो, माझ्या डोळ्यांना पुरत नाही. म्हणून कॉम्प्युटर. मी चांगले आधी बटण दाबून बसले होते. काळा तो काळाच. शेवटी जुळले तेव्हा ती रडत होती.

"मम्मी, मी किती घाबरले माहितीये तुला?"

"अगं, हा उठायला वेळ लावतो."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस. एकटीला तिथे ठेवायचंच नाहीये मला आता. घर भाड्याने दे आणि इकडे ये."

घर भाड्याने! या ओट्यापाशी यांचा आवाज मला अजून सापडतो. तिच्या नवव्या मजल्यावर कुठे शोधू?

मशीन दुरुस्त करायचे. ते वेळेवर उठले की रुचिकाची तक्रारच संपली. मला इथून कुणी हलवणार नाही.

६ जानेवारी

आज बटण दाबले आणि बोटांच्या पेरांवर 'हेल मेरी' म्हणत बसले. एका पेराला एक. एक हात संपायच्या आत रुचिका-परी हजर!

ही युक्ती सिस्टर अ‍ॅग्नेसची. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात अंडी उकडताना त्या घड्याळ बघत नसत. ओठ हलत राहत, आणि अंडे बरोबर हवे तसे निघे. आम्ही गुजर पाटलांच्या पोरी, घरी अंड्याचे नाव काढायची सोय नव्हती, पण प्रार्थना पाठ झाली ती झालीच. सुट्टीत आईसमोर म्हणून दाखवली तर आई म्हणाली, "म्हण, पण आज्जीसमोर नको."

आता रोज मोजायचे. एक हात म्हणजे बरा. दोन हात म्हणजे बिघाड.

८ जानेवारी

दोन्ही हात संपले, पुन्हा पहिला झाला. पडदा काळाच. शेजारी ठेवलेला चहा पार गार, वर जाड साय. रोज हळू असता तर म्हटले असते, म्हातारा झाला. पण परवा तरतरीत, आज असा. हे काय दुखणे?

९ जानेवारी

गुलाबबाईला सांगितले. आमची भिंत एक, लग्न होऊन आलो तेही एकाच उन्हाळ्यात. ती म्हणाली, "नजर लागनी व्हई वं. तुन्हाशिवाय या गल्लीमा एवढा मोठा पडदा कोनकडे शे?" आणि खरेच गच्चीवरच्या सात मिरच्या आणि मूठभर मीठ घेऊन आली! कॉम्प्युटरवरून ओवाळले. मी सारखी सांगते आहे, अगं मीठ कीबोर्डात सांडेल. मिरच्या गॅसच्या जाळावर धरल्या, तेव्हा दोघींना असा ठसका लागला की बस. "देख, नजर व्हतीच," म्हणाली. डोळे पुसत किती वेळ हसलो. यांच्यानंतर एवढे हसू आलेच नव्हते.

११ जानेवारी

भावेश आला होता. स्टेशन रोडला त्याचे दुरुस्तीचे दुकान आहे, याच्याच वडिलांनी आमचा रेडिओ दुरुस्त केला होता. पाठीमागचे पत्रे उघडले आणि — शिंका! आधी त्याला, मग मला, मग दारातून डोकावणाऱ्या गुलाबबाईला. आत पंख्यावर लालभडक थर. मागच्या मैदानात मिरची वाळवायच्या पथारी, वारा आमच्याच खिडकीकडे. "काकू, एवढ्यात भाजीची फोडणी होईल," भावेश म्हणाला. ब्रशने सगळे काढले. पंखा कसा मोकळा फिरू लागला!

मग विचारले, "बंद कसा करता?"

दाखवले. 'शट डाऊन' दाबले आणि लगेच भिंतीवरचे बटण खाली. गावाकडच्या, रनाळ्याच्या घरापासूनची आमची शिस्त आहे, काम झाले की बोर्ड बंद. सासऱ्यांच्या वेळी कडब्याला ठिणगी लागली होती तेव्हापासून.

"अरे काकू! तो आत आवराआवर करत असतो. मधेच दिवा घालवला तर दुसऱ्या दिवशी कालचं सगळं तपासत बसणार. पुरता बंद होऊ द्या, मग बोर्ड."

सापडले! मला इतके हलके वाटले. चूक माझी होती, पण साधी होती. जाताना मात्र म्हणाला, "पुन्हा झालं तर कळवा. जी खराबी माझ्यासमोर होत नाही ना काकू, तिला पकडणं अवघड."

१२ जानेवारी, रविवार

दहा वाजायच्या आधीच हजर. रुचिका म्हणाली, "वा मम्मी, आज राइट टाइम!" मी तिला मिरचीची गोष्ट सांगितली. नात जागृती मागून ओरडली, "आजी, भजी तळ आता सीपीयूत!" सुरतला येण्याचा विषय निघाला नाही.

मशीनच होते तर.

१४ जानेवारी

संक्रांत. भावेशच्या दुकानात तिळगूळ देऊन आले. एक हात!

१६ जानेवारी

पुन्हा. मी काही चुकले नव्हते. काल पुरता बंद झाला, दिवा गेला, मगच बोर्ड. तरीही आज दोन्ही हात झाले, मग मोजणेच सोडले. चिडून माऊस हलवला — तर फोटो एकदम समोर! जसा काही आधीच येऊन बसला होता.

ओट्यावर दूध ठेवले होते. उतू नाही गेले, जळाले. पातेले काळे ठिक्कर. गुलाबबाई वासाने धावत आली. "माय वं, तुले वास नही वना का?" नाही आला. सर्दी झाली असेल. मिरचीच्या दिवसांत नाक तसेही बसलेलेच असते.

१८ जानेवारी

भावेश बराच वेळ बसला. चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. त्याच्यासमोर शहाण्यासारखा उठतो! मग म्हणाला, "काकू, हा उठायला किती वेळ लागला याची रोजची नोंद आत स्वतःच ठेवतो." कुठे कुठे जाऊन ती काढली. मिरची काढल्यापासून रोज सारखाच वेळ. सोळा तारखेलाही.

"खोटे आहे," मी म्हणाले. "सोळाला मी स्वतः इथे बसले होते."

"मग पडदा झोपला असेल. वीज वाचावी म्हणून काकांनी तसं लावून ठेवलंय. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की काळा होतो."

"मी समोर होते ना! मला येताना दिसला नसता का?"

त्याने पुन्हा एकदा नोंद बघितली. मी म्हटले, जुनी डिस्क काढ, ती नवी वेगवान टाक, काय लागेल ते लाव. तर म्हणतो, "टाकली तर बिल होईल काकू, फायदा होणार नाही. मशीन चांगलं आहे." आणि मग जपून विचारले, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

मला राग आला. मशीनचे विचारले तर माझे सांगतो. चहा न देताच पाठवला. नंतर वाईट वाटले. त्याच्या वडिलांना मी कधी चहाशिवाय जाऊ दिले नव्हते.

१९ जानेवारी, रविवार

झाले ते वाईट झाले. जुळले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. रुचिका म्हणते तिने मोबाइल वाजवला, पुन्हा पुन्हा वाजवला. मोबाइल इथेच होता, माझ्या मांडीवर. वाजला असता तर मला ऐकू आला नसता?

ती रडली नाही यावेळी. तेच जास्त लागले. शांतपणे म्हणाली, "शनिवारी येते. बॅग भरून ठेव."

"कॉम्प्युटरमुळे मला घरातून काढतेस?"

"मम्मी, तू म्हणतेस तसं कॉम्प्युटरचं असेल, तर दाखव मला. माझ्यासमोर उशीर होऊ दे त्याला."

शनिवारपर्यंत पकडायचाच.

२० जानेवारी

खिडकीला यांचे जुने धोतर लावले. धूळ बंद. पथारीवरच्या बायका मिरच्यांचे देठ मोडत बोलत असतात ते तेवढे ऐकू येत नाही. चुकल्याचुकल्यासारखे होते.

२१ जानेवारी

आज एक हात. शाबास गड्या.

२२ जानेवारी

एक चमत्कारिक गोष्ट. मोजता मोजता तर्जनीच्या मधल्या पेरावर होते. मग पुन्हा तिथेच होते. पण दारातले ऊन तेवढे तिथे नव्हते — आधी खुर्चीच्या पायाशी होते, आता भिंतीवर. प्रार्थनेतला पुढचा शब्द सुचेना. पुन्हा सुरुवातीपासून म्हणावी लागली. सिस्टर अ‍ॅग्नेस मला रांगेत पुढे उभी करायच्या, कारण मी कधी अडखळत नसे.

डुलकी लागली असेल. थंडीत उन्हाला बसले की लागतेच.

डुलकीत मान पडते. माझी मान ताठ होती.

नको. मशीनचेच बघावे.

२३ जानेवारी

भावेशचे वाक्य डोक्यातून जात नव्हते — जी खराबी समोर होत नाही तिला पकडणे अवघड. तर मग समोर कुणीतरी बसवावे! गुलाबबाईला बोलावले. म्हटले, तू साक्षीदार. माझ्या बोलण्यावर रुचिकाचा विश्वास नाही, तुझ्यावर बसेल.

"मले काय समजस त्यामा?"

"काही समजायचे नाही. तू फक्त पडद्याकडे बघ. फोटो आला की सांग."

लुगडे नीटनेटके करून बसली, जसा काही तिचाच फोटो निघणार आहे. बटण दाबले. मी मोजत होते, तीही शेजारी पुटपुटत होती. विचारले काय म्हणतेस, तर म्हणे, "तू तुन्हा देवनं म्हन, मी मन्हा." एक हात संपला नाही तोच फोटो आला. "हाई ते झामझाम, एकदम ठीक शे वं! कसाले बदनाम करस बिचाराले?"

रोज उशीर नाही करत तो, हाच तर त्रास. उद्या पुन्हा ये म्हटले. परवा शनिवार आहे, मला साक्ष हवी. "हो, येसू," म्हणाली. "पन उद्या चहा बी पाजजो. हाई काय कोर्टनं काम शे का, कोरडं?"

२४ जानेवारी, शुक्रवार

आज पडद्यासमोर काय झाले ते गुलाबबाई सांगत नव्हती. गळ्याची शपथ घातली तेव्हा बोलली.

पहिला हात संपायच्या आतच फोटो आला होता. तिने सांगितलेही मला, वना वना म्हणून. मी पडद्याकडे बघत होते. बोट एकाच पेरावर. ओठ थांबलेले. "तुले हाका मारी ऱ्हायंती मी. हात हालाडा. तू नुसती देखी ऱ्हायंती, रंजना." मग पडदा काळा झाला. त्यानंतर म्हणे मी तिच्याकडे वळले आणि हसून म्हणाले — पाहिलंस? अजून उठलाच नाही.

ती चहा न घेताच रडत बसली. मी टाकणार होते, तर तिने गॅसपाशी जाऊ दिले नाही.

उद्या रुचिकाला मीच सांगेन. डॉक्टर सुरतचाच बघू दे. आज सगळे लख्ख आहे, तोवर लिहून ठेवते.

घराची किल्ली गुलाबबाईला, आजपासूनच. गच्चीवरच्या मिरच्याही तिच्याच. सिस्टर अ‍ॅग्नेसची काचमण्यांची माळ जागृतीला. यांचे घड्याळ रुचिकाला, तिने ते स्वतः हातात घालावे. चहाचे दोन कप कुणालाच नाहीत, ते माझ्याबरोबर येतील. दोन्ही.

आतला परीचा फोटो काढून घेतल्यावर कॉम्प्युटर भावेशला. आधी त्याला चहा पाजावा. आणि सांगावे, मी उगाच रागावले. गडी रोज वेळेवर उठत होता.