कॅसेटमधली हाक

न्हावरे,
१२ एप्रिल २००३

चि. साधना,

इकडे सगळे बरे आहेत. आशीर्वाद शेवटी लिहितो, आधी बाकीचं.

दुकान जोरात आहे. ऊन वाढलं की लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि माझी चूल पेटते. परवा राहू गावचा एकजण मोटार घेऊन आला. म्हणाला, "हनुमंतआप्पा, खोलून तरी बघा." म्हटलं, "आधी चालू कर, ऐकू दे." बेरिंग गेलं होतं. आपली मेंढरं गेली, पण मेंढक्याचा कान अजून शाबूत हाय बघ.

तुझी आई, आमची बानूअक्का, जेवतेखाते. झटका आलेली उजवी बाजू आहे तशीच. तू शिकवून गेलीस तशी तुझी चांगुणामामी रोज तिच्यापुढं वाक्यं गाऊन म्हणते, "पाणी दे गं, पाणी दे." अक्का सूर धरते. शब्द येत नाही.

परवा बंगळूरहून तुझा फोन आला. एकाच दमात हसत होतीस, रडत होतीस. "मामा, आईनं मला हाक मारली! साधे म्हणाली!" आम्ही पाठवलेली कॅसेट फोनला लावून ऐकवलीस. गाण्यातून गेलेली वाचा परत येते, हे आता वाचा-उपचाराच्या तुझ्या कोर्सच्या शेवटच्या प्रोजेक्टात लिहिणार म्हणालीस. बाकीच्या पाच पेशंटांच्या घरीही सांगणार म्हणालीस. मी नुसतं "व्हय, व्हय" म्हणालो आन् फोन ठेवला.

इथपर्यंत लिहून चहा पिऊन आलो.

पोरी, मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे, ते तू लहानपणी बघितलंयस. मेंढी वास घेते, फसते आणि त्याला पाजते. तुझ्या मामीनं तसंच केलं. त्या दिवशी मी दुकानात होतो, कॅसेट तिनं भरली. हाक तिची आहे. आवाज अक्कासारखा घोगरा काढलाय, पण लग्नापासून ऐकतोय मी तो.

विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी एवढ्या लांब एकटी. आईनं एकदा हाक मारली तर काय बिघडलं?"

"आन् तिनं ते प्रोजेक्टात लिहिलं म्हंजी?"

"मी तिला ऐकायला दिलं होतं. लिहायला कुठं दिलं?"

एवढं बोलली आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. तिच्यावर राग धरू नकोस.

पण प्रोजेक्टातून ते वाक्य काढ. रडून घे आणि काढ. त्या पाच घरांत कुणीतरी माणसाच्या ओठांकडं बघत बसलं असंल. मीही बसतो, म्हणून सांगतो. अक्कानं तुझं नाव अजून घेतलेलं नाही.

सोबत नवी कॅसेट आहे. मामीला अंगणात बसवून मी स्वतः भरली. तू पाठवलेला तुझा आवाज लावला. अक्का बोलली नाही. डावा हात तेवढा टेपवरून फिरवत राहिली. शेवटी खरखर ऐकू येईल. ती मशीनची न्हाई, मशीन मी चोख ठेवलंय. तिच्या बोटांची आहे. प्रोजेक्टात बसते का, तुझं तू बघ.

दरवेळी खाली आईचे आशीर्वाद म्हणून मीच लिहीत आलो. आता तिच्या नावानं दुसऱ्या कुणी बोलायला नको. हे फक्त माझे.

तुझा,
हनुमंतमामा