दोन घरांची संमती

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. पुढेमागे कुणाला आपल्यावर लिहावंसं वाटलं, तर कागद हाताशी असलेले बरे.

आजपासून मी 'नेबरहूड क्यूरेटर', म्हणजे शेजार जमवणारा अधिकारी. याच धक्क्यावर वीस वर्षं मालाच्या पेट्यांची नोंद केली. आता इथे माल येत नाही, माणसं येणार. चित्रकार, डिझायनर, स्टार्टअपवाले. क्रेनला नारिंगी रंग दिलाय, सगळीकडे वायफाय, दोरखंडांच्या गोदामात फ्लॅट. सध्या तिसऱ्या मजल्यावरचे समोरासमोरचे दोनच तयार आहेत. एकात आम्ही नवराबायको राहायला आलो. क्यूरेटरने आधी स्वतः राहून दाखवलं पाहिजे, असं मीच मीटिंगमध्ये म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

हिला टाळ्यांचं सांगितलं. नळाच्या पाण्याला डांबराचा वास येतो, म्हणाली.

४ मार्च, संध्याकाळ
हिने विचारलं, साखर संपली तर मागायची कुणाकडे, क्रेनकडे? मी म्हटलं, ॲपवर मागव. तर म्हणे साखर नकोच आहे, मागायला कुणीतरी हवंय. आता याला काय म्हणायचं!

मग अगदी शांतपणे म्हणाली की महिनाअखेरपर्यंत एक शेजारी आणा. एकच. नाहीतर ती भावाकडे जाणार, आणि या वेळी परत यायला नाही. दिवसभर बोलायला भिंत आणि संध्याकाळनंतर मी, असं जगणं तिला जमणार नाही. दोन्हींत फरक काय, ते मात्र बोलली नाही.

एक शेजारी! ज्याचा हुद्दाच शेजाराचा, त्याला ही अट म्हणजे डाव्या हातचा मळ. उगाच घाबरलो.

७ मार्च
पहिलं गिऱ्हाईक. गाण्याचे मास्तर. समोरचा फ्लॅट बघायला आले, पण आत येऊ शकले नाहीत.

कारण 'शेजारधर्म'. आमच्या गेटला कुलूप नाही, किल्ली नाही, वॉचमनच्या हातात काही नाही. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं, तर दोन वेगवेगळ्या घरांनी आपापल्या फोनवर 'हो' दाबायचं. म्हणजे लोक एकमेकांशी बोलतील, ओळखी होतील. कल्पना माझी. सॉफ्टवेअरवाला म्हणाला होता की घरं भरेपर्यंत हे बंद ठेवू. मी म्हटलं, संस्कार पहिल्या दिवसापासून लागतात.

आमच्या घराने 'हो' दाबलं. दुसरं घर नाही. मी गजांच्या आतून मास्तरांना फ्लॅटचं वर्णन करून सांगितलं, फोटो दाखवले. ते म्हणाले की अशी भेट त्यांनी एकदाच घेतलीये, पण तो नातेवाईक आत होता.

एकंदरीत चांगले इम्प्रेस झालेले दिसले. पुन्हा फोन उचलला नाही.

९ मार्च
सॉफ्टवेअरवाल्याला म्हटलं, शेजारधर्म थोडे दिवस बंद कर. म्हणाला, आता बोर्डाची मंजुरी लागेल, साहेबांनी ते ब्रोशरच्या पहिल्याच पानावर छापलंय. खाली माझं नाव. नाव वाचून बरं वाटलं, पण उपयोग नाही. शेजारी यायला गेट उघडायला हवं, आणि गेट उघडायला शेजारी हवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच की काय? नाही. प्रत्येक मोठ्या कल्पनेला सुरुवातीला असा त्रास होतोच.

१० मार्च
सुचलं!! कपाटातला जुना फोन काढला, नवं सिम टाकलं, समोरच्या फ्लॅटमध्ये एक चित्रकार बाई राहतात अशी नोंद केली. एकट्या, अबोल, दार लावून काम करणाऱ्या. आता दुसरं 'हो' माझ्याच खिशात. हा खोटेपणा नव्हे. आगाऊ नोंद आहे. खरं कुटुंब आलं की बाई जातील.

११ मार्च
हिच्या फोनवर आपोआप निरोप गेला की तुमच्या समोर नवीन शेजारी आल्या आहेत. हे लक्षातच नव्हतं आलं. ही धावत बाहेर गेली, दार वाजवलं. मी घाईघाईने बाईंच्या फोनवरून लिहिलं की कामात आहे, भेटू सावकाश. हिला इतका आनंद! संध्याकाळी भांडी घासताना गुणगुणत होती. किती दिवसांनी ऐकलं.

आता लगेच खरं सांगणं क्रूरपणाचं होईल.

१४ मार्च
साहेबांनी बोर्डाच्या स्क्रीनवर दाखवलं: तयार फ्लॅट शंभर टक्के भरले. पहिल्या रहिवासी, चित्रकार. माझी पाठ थोपटली. बाई आता सरकारी झाल्या. नोंद रद्द करायची तर एक महिन्याची नोटीस लागते, असं कळलं. हा नियमही माझाच.

१७ मार्च
ही बाईंना 'ताई' म्हणते, दिवसभर लिहिते. लहानपणीचं, गुडघ्याचं, जुन्या चाळीतल्या मैत्रिणींचं. गुडघा इतका दुखतो हे मला माहीत नव्हतं. यांना सांगितलं तर 'हं' म्हणतात आणि फोनमध्ये बघत बसतात, असं तिने लिहिलं. तेव्हा मी फोनमध्येच बघत होतो, तिचंच वाचत होतो!

आज तर कमाल. ती सोफ्याच्या एका टोकाला बसून ताईंना लिहीत होती, मी दुसऱ्या टोकाला पाठ वळवून ताईंची उत्तरं देत होतो. दीड तास. लग्नानंतर इतक्या गप्पा झाल्या नसतील. मजा आली.

जेवताना खिशातला फोन थरथरला. ही खिशाकडे बघायला लागली. मी डास म्हणालो. पटलं असावं.

२१ मार्च, शनिवार
देव द्यायला लागला की छप्पर फाडून देतो. कुंभारकाम करणारं एक जोडपं माझी जुनी जाहिरात बघून आलं, दोन मुलं, एक आजी. त्यांना इथेच राहायचंय, खाली चाक लावायचंय, समोरचाच फ्लॅट हवाय. ही जिने उतरून गेटपर्यंत गेली. गजांतून मुलांशी खेळली, आजीशी बोलली, मोठ्याने हसली. तिथेच उभी राहून तिने 'हो' दाबलं.

आता ताईंचं 'हो' राहिलं. मी वर खिडकीशी, ताईंचा फोन हातात. दाबलं तर ही मंडळी वर येणार, समोरचं दार उघडणार, आत बाई नाहीत, खाट नाही, रंगाचा ठिपका नाही. ही बघणार. साहेब बघणार. बोर्ड बघणार. एक महिन्याची नोटीस! डोकं चालेना. अंगठा वर गेला, खाली आला, वर गेला.

नाही दाबलं.

कुंभार बराच वेळ थांबले. आजी वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या. मग गेले.

हिने ताईंना विचारलं, का नाही हो म्हणालात? ताईंनी लिहिलं, कामात होते. ही ते वाचून माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीतून क्रेन बघितली.

२२ मार्च
काल जे केलं ते प्रोजेक्टच्या दूरच्या हिताचं होतं. कुंभारांच्या भट्टीचा धूर झाला असता.

जेवण गेलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं असावं.

२४ मार्च
नवा प्लॅन. ताईंकडून माझं कौतुक. लिहिलं की तुमचे मिस्टर एकंदरीत फार कष्टाळू वाटतात. हिने उलट विचारलं, तुम्हाला दिसतात का ते? मला तर दिसत नाहीत.

ताईंनी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. एरवी बायकांचं बोलणं त्यांना चटकन सुचतं.

२७ मार्च
ताईंना निरोप आला. रविवारी दहाला भावाचा टेम्पो येतोय. तिचं 'हो' ती दाबेल, दुसरं ताईंनी दाबायचं. यांना सांगू नका. कुंभारांना हो म्हणाला नाहीत, निदान मला तरी म्हणा.

बाथरूममध्ये जाऊन वाचलं. नळ सोडून ठेवला. रडलो का? थोडा. डोळ्यांत डांबराचं पाणी गेलं होतं, तेही कारण आहे.

२८ मार्च
पण घाबरायचं कारणच काय? ताई 'हो' दाबणार नाहीत. टेम्पो आत येणार नाही. सामान हलणार नाही. ही राहील. मी म्हटलं नव्हतं, शेजारधर्माने माणसं एकत्र राहतात!

२९ मार्च, रविवार, सकाळी साडेदहा
टेम्पो गेटबाहेर. मेहुणा हॉर्न वाजवतोय. ताईंनी 'हो' दाबलं नाही.

ही उठली. पहिली बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली. राहणाऱ्या माणसाला गेट अडवत नाही, हे मी विसरलोच होतो. तीन मजले. प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून, आधी चांगला पाय, मग दुखरा. बॅग गेटबाहेर ठेवून परत वर. दुसरी बॅग. मी जिन्यावर उभा. म्हटलं, मी घेऊ का? न थांबता म्हणाली, ताईंना विचारा.

तिसऱ्या बॅगेला ती मधल्या मजल्यावर बसली, गुडघा दोन्ही हातांनी दाबून.

ताईंनी 'हो' दाबलं. गेट उघडलं. मेहुण्याने वर येऊन बॅगा नेल्या, मला नमस्कारही केला. सभ्य माणूस.

दुपार
ताईंच्या फोनवर तिचा निरोप. माझ्या फोनवर काही नाही.

लिहिलंय: उशिरा का होईना, उघडलंत. ओट्यावर ताट झाकून ठेवलंय. एकच आहे. तुम्हा दोघांना पुरेल.

तीनदा वाचलं. केव्हापासून माहीत होतं तिला? तरी ती लिहीत राहिली.

ताईंच्या फोनवर उत्तर लिहिलं, खोडलं. ताईंनी आता काय लिहायचं? आपल्या फोनवरून लिहावं म्हणून तो उघडला. तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं निघालं, तीन आठवड्यांपूर्वीचं. मी लिहिलं होतं, लिफ्ट बंद आहे. तिने लिहिलं होतं, बरं.