तीन लाथा

माले, मुळशी
१२ मार्च १९८५

चि. हैबत यास,

आक्काचा आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत. आईचा गुडघा तेवढा दुखतुया, पण तोंड चालू हाय.

तुजं पत्र परवा पावलं. सहा वर्सांत गावाकडं फिरकला न्हाईस, पण आंबेमोहोर मागायला बरा इसरत न्हाईस! तांदळाचा डबा येष्टीनं मुंबईला धाडलाय. खाचरं मोकळी झाली, पोरं तुज्यासारखीच बांधावरून पळत येऊन चेंडू टाकत्यात. एकालाबी तुजी सर न्हाई. तुज्या चेंडूनं माज्या हंड्याला पोचा पडला व्हता, तो अजून हाय.

पेपरवाला येणार हाय असं तू लिवलंस. "कॅप्टननं दुखऱ्या पाठीवर तीस ओव्हर टाकून घेतल्या, माजं क्रिकेट संपवलं, हे आता छापून आणतो" असंबी लिवलंस. दोन दिस भाकरी थापताना तेच डोक्यात हाय.

काल भिकू आला, कमरंत वाकडा होऊन. "उसण भरलीया आक्का, लाथ घाल." मी पायाळू, आईच्या पोटातून पाय पुढं करून आले, म्हणून गावातली समदी कंबरडी माज्याच दारात. मी म्हटलं, "पौडच्या डॉक्टरकडं जा. मी आता लाथ घालत न्हाई." तर म्हणतो कसा, "आगं, तुज्या लाथंनं हैबत विलायतंला गेला, आन् मला न्हाई व्हय?" त्याला हाकललाच. मग चुलीपाशी बसून लई रडले.

आता लिवते. मागं-पुढं करून उपेग न्हाई.

दौऱ्याच्या आदल्या दिशी तुज्या पाठीचा फोटो आणायला पुण्याला मीच गेले व्हते. तू गावात सत्काराच्या गडबडीत व्हतास. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला, बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, "ताई, हाडाला बारीक चीर आहे. सहा महिने चेंडू टाकायचा नाही. दौऱ्यावर गेला तर पाठ कायमची जाईल." येष्टीत मी मनाशी ठरवत आले की सांगायचं. उतरले तर कमान उभी, हलगी वाजतीया, आई दिसंल त्याला पेढा देतीया. तू पळत आलास. "काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, "काय न्हाई. उसण हाय."

तू हसलास आन् वटीवर पालथा पडलास. "मग घाल लाथ, आक्का." मी तीन लाथा घातल्या. तू उठून म्हणालास, "गेली बघ!"

मलाबी वाटलं, गेली. देवाशपथ सांगते. डॉक्टरपरीस माजा माज्या पायावर इस्वास जास्ती. आन् मेली हौसबी व्हती, सगुणाच्या लाथंनं पोरगा भारताकडनं खेळला असं लोकांनी म्हणावं.

पैल्याच कसोटीत रेडिओवर ऐकलं, तू खाली बसलास तो उठला न्हाईस. मग तू कॅप्टनला समद्यांम्होरं शिव्या घातल्यास, आन् परत कुणी बोलावलं न्हाई. पण साधी उसण हाय असं त्याला तूच सांगितलं व्हतंस ना? त्याला कुटं ठावं व्हतं? तुलाच ठावं न्हवतं. एकट्या मला ठावं व्हतं. तरी सहा वर्सं मी गावासंगट त्याच्या नावानं बोटं मोडली. लाज वाटती रे, हैबत.

तो फोटो मी कणगीखाली लपवला व्हता. आता गुंडाळून तांदळाच्या डब्यात घातलाय, वरच. पेपरवाल्याशी बोलायच्या आधी डबा उघड. कॅप्टनचं नाव घेऊ नगं. माजं घे. छापू दे.

तू रागावशील. रागाव. तुजा हक हाय. पण एकडाव घरी ये, आईला तुजं तोंड बघायचंय.

दरडाव उंबऱ्यात आलास की आधी माज्या पाया पडायचास, मग आईच्या. औंदा आलास तर आईच्या पड.

माज्या पाया पडू नगं.

तुजी आक्का,
सगुणा