पाठ फिरवली की हाक येते

पेण

चि. काळुराम यास गुणाजीचा आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणशील तर घरात मी आणि एक रजई असे दोघेच आहोत. तुझा खोकला कसा आहे? विमलबाईंना नमस्कार सांग. तुझी ताई रोह्याला तुमच्याकडे आल्याला आज नववा दिवस. ती कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तिनेही माझं विचारलेलं नाही. तिने तुला काय सांगितलं ठाऊक नाही. काहीच सांगितलं नसेल तर ते जास्त वाईट, म्हणून जयपूरला काय झालं ते मीच लिहितो.

शेजारची अनिता बचत गटाच्या सहलीला तिकडे जाऊन आली. म्हणाली, तिथे संगमरवरी मूर्तींची अख्खी गल्ली आहे आणि एका दुकानात एक बाई देवांचे डोळे आखते. तुला माहीतच आहे, आमच्या गणपतीच्या कारखान्यात पीतांबर, दागिने, सोंडेवरची नक्षी सगळं चंद्रावतीच्या हातचं, डोळे मात्र माझे. चाळीस वर्षांत तिने डोळे आखू का म्हणून चार-पाचदा विचारलं असेल, आणि मी दर वेळी एकच सांगितलं, बाईमाणसाचा हात डोळ्यावर थरथरतो. तर ती बाई तिला एकदा बघायची होती. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं. (लुगडंसुद्धा नाही.)

आता पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी मला फुकट आहे, आणि फुकटाची सवय दारूपेक्षा वाईट. मी अलिबागला नुसता चहा प्यायला जाऊन आलेला माणूस. तेव्हा जयपूरच्या सिटी बसमध्ये मी ऐटीत तेच कार्ड काढलं. कंडक्टरने ते उलटंसुलटं केलं, फोटो बघितला, मला बघितलं, शेजाऱ्याला दाखवलं. (शेजाऱ्यानेही बघितलं.) मी त्याला सांगितलं की आमच्या सरकारचा शिक्का आहे. तो म्हणाला, मग आपल्या सरकारच्या गाडीत बसा. तिकीट काढायचं सोडून मी पुढच्या स्टॉपवर बाणेदारपणे उतरलो. तुझी ताई गुडघा धरून मागोमाग उतरली.

तिथे एक रिक्षावाला देवासारखा भेटला. पन्नास रुपयांत सगळं शहर. अट एवढीच, तो नेईल त्या दुकानात दहा मिनिटं बसायचं. घ्यायचं काही नाही, त्याला दुकानदार देतो. मी म्हटलं, बघ चंद्रावती, अक्कल लागते. मग आम्ही खडे बघितले, गालिचे बघितले, मोजड्या बघितल्या. सगळीकडे चहा फुकट. ती दर दुकानात विचारायची, गल्ली कधी? चौथ्या दुकानात त्यांनी तिच्या मांडीवर रजई पसरली. मी सांगितलं, आमच्या पेणला पौषातसुद्धा घाम येतो. दुकानदार म्हणाला, दादाजी, एसी लावून घ्या. एवढे चहा पिऊन नाही म्हणवेना, काळुराम. घेतली. त्या पैशांत चार दिवस भाड्याची मोटार फिरली असती. बाहेर येऊन बघतो तर रिक्षा नाही. त्याचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीसाठी रिक्षावाल्याने ऐंशी सांगितले. मी चाळीस म्हटलं आणि पाठ फिरवली. आपल्या कारखान्यातली रीत ही. गिऱ्हाईक पाठ फिरवतं, आपण हाक मारतो, भाव जमतो. हाक आली नाही. तीन रिक्षावाल्यांना मी पाठ दाखवली आणि तिघेही निघून गेले. मग म्हटलं, हाकेच्या अंतरावर आहे, चालू. उन्हातून दोन तास चाललो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि तिचा गुडघा बसला. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली. म्हणाली, "तुम्ही बघून या. बाई हाय का सांगा. असली तर कसं पण येते."

मी गेलो. तासाने आलो.

"हाय?"

"नाय."

"बरं. चला."

मग परत निघालो. पनवेलला रोह्याची रेल्वे धरली. पेण आलं तशी मी बोचकी आणि रजई घेऊन उतरलो आणि सवयीने चालू लागलो. स्टेशनच्या जिन्यापाशी वळून बघतो तर ती खिडकीतच. गाडी हलली. तिने इकडे बघितलंसुद्धा नाही. (तिकीट पेणपर्यंतचंच होतं. पुढे ती विनातिकीट आली. हे मी का लिहिलं मलाच कळत नाही, पण तेव्हा पहिला विचार तोच आला.)

थोरामोठ्यांना दंडवत, पोरांना गोड पापा.

तुझा दाजी,
गुणाजी

ता. क. हंगाम तोंडावर आहे, पण तिने कामासाठी यायची गरज नाही. पीतांबर मीच रंगवायला घेतलेत. कामावरची बायजा पाहून गेली, म्हणाली, देवाला लंगोट घातलाय काय.

ता. क. दुसरा. बाई होती. माझ्याच वयाची असेल. एका श्वासात एक डोळा, रेघ कुठे जाड नाही, बारीक नाही. माझ्याहून चांगली आखत होती. तासभर मी तेच बघत उभा होतो, आणि बाहेर येऊन नाय म्हटलं. हे चंद्रावतीला वाचून दाखव. मला तोंडाने सांगता येईलसं वाटत नाही.

ता. क. तिसरा. रविवारी सकाळी मिथुनची गाडी तुझ्या दारात येईल. जाऊन-येऊन भाडं त्याने सांगितलं तेवढं देऊन टाकलं. तो म्हणाला, काका, बरं नाय का तुम्हाला? मी येणार आहे. दारात उभा राहून हाक मारीन, पाठ फिरवणार नाही. तिने ओ दिली नाही तर गाडी तिथेच ठेवून घे आणि तिला त्याच गाडीने गुडघा दाखवायला ने. माझी काळजी करू नकोस. मी एसटीने पेणला परतेन, ती मला फुकट आहे.